कोन हाय का घरान?

दर्शू, तुझा डबा माझ्याकडेच राहिलाय.

तोच, कडीचा, स्टीलचा, झाकणावर तुझ्या आईचं नाव कोरलेला. तू शेवटची घरी आलीस तेव्हा त्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी आणली होतीस. मी दोन्ही फस्त केलं, डबा घासला, ओट्यावर पालथा घातला आणि पुढल्या वेळी त्यात काय भरून द्यायचं याचा विचार करत बसले. पुढली वेळ आलीच नाही. म्हणजे बघ, आपल्या गेमचा शेवटचा सीन माझ्याच किचनमध्ये येऊन बसलाय. कुणाला सांगितलं तर म्हणतील, ही केतकी रचून सांगतेय.

तुझ्या दिवसांना शिरवण्याला आले होते तेव्हा तुझ्या मामांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ती न्हावा शेव्याच्या ऑफिसातून आल्यावर कंप्युटरवर काय करायची गो? आमाला कदी सांगितलाच नाय." मी म्हटलं, मामा, आम्ही दोघी मिळून गेम बनवत होतो. बंदुकांचा नाही. त्यात खाडीकाठचं एक जुनं गाव आहे, दर्शनाने हाताने रंगवलेलं. चिमी नावाची मुलगी आहे. तिच्या बहिणीची हळद उद्यावर आलीय आणि घरात भांडी पुरत नाहीत, म्हणून ती गावभर फिरून एकेक वस्तू उसनी आणते. चित्रात हवं तिथे क्लिक करायचं, वस्तू मिळवायच्या, कुठली कुठे कामाला येते ते डोकं चालवून शोधायचं. चित्रं तिची, गोष्ट तिची, कोड माझा. मामा म्हणाले, "म्हंजे भांडी गोला करायचा गेम?" मी म्हटलं, हो, तोच. त्यांनी मांडवाच्या बांबूची सैल झालेली दोरी आवळली. मग म्हणाले, "आमची सगली लगना तशीच झाली."

तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. माझं नाही झालं. मला ओरडून सांगायचं होतं की मामा, तुमच्या भाचीने काय केलंय याची तुम्हाला कल्पना नाही! असे गेम जगभर निघतात आणि सगळ्यांत एक गोष्ट सारखी असते, ती हिने उलटी केली. पण दिवसांच्या घरात ओरडतात का? गप्प बसले. मी गप्प बसले, दर्शू. तुझा विश्वास नाही बसणार.

ती गोष्ट कशी उलटी झाली ते आठवतंय ना? पहिली टेस्ट. तुमच्या घरी, वरच्या मजल्यावर, खाली भाडेकरूंचा टीव्ही चाललेला. टेस्टर तुझी आई. मी म्हटलं होतं, काकींना कशाला बसवतेस, त्यांनी आयुष्यात गेम खेळला नाही. तू म्हणालीस, "म्हणूनच." काकी पदर खोचून माऊस घेऊन बसल्या. पहिला सीन: शेजारच्या घराचा ओटा, ओट्यावर तांब्याचा टोप, बाजूला शेजारीण डुलक्या काढतेय. टोप उचलायचा की पुढचा रस्ता मोकळा. सोप्यात सोपं, पोरंसोरं पण करतील असं.

काकी टोपाला हात लावीनात. शेजारणीवर क्लिक केलं, काही नाही. दारावर क्लिक केलं, काही नाही. परत शेजारणीवर. परत दारावर. माझा जीव वर-खाली. शेवटी मी म्हटलंच, "काकी, अहो तो टोप उचला ना!" काकी वळल्या आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी त्यांच्या कपाटाला हात घातलाय. "कुनाचा टोप? इचारल्याबिगर उचलू? मना चोर समजलीस काय?"

मी समजावायला गेले की काकी, या गेममध्ये असंच असतं, जे दिसेल ते उचलायचं, कुणाच्या घरात घुसायचं, कपाटं उघडायची, सगळं पिशवीत कोंबायचं. तू मधेच म्हणालीस, "मग हे गेम चोरांचे हायत." आणि हसत सुटलीस. हसता हसता गप्प झालीस. तुझं ते गप्प होणं मला ठाऊक होतं. त्यानंतर माझ्या कोडची काशी व्हायची.

झालीच. वस्तू उचलण्याचा सगळा कोड मी घाम गाळून लिहिला होता, तो तू एका वाक्यात मोडीत काढलास. "चूक, तुमच्या भाषेत बग, तिच्यात नाही केतके, आपल्यात आहे." मग नियम ठरले. चिमी कुणाच्याही उंबऱ्यापाशी थांबणार. हाक मारणार. आतून ओ आली तरच पाऊल आत. वस्तू मागून घ्यायची. आणि भांडं परत करताना रिकामं द्यायचं नाही. हळदीकुंकू असो की बारसं, कुणाचं भांडं रिकामं परत गेलंय का कधी? मूठभर तांदूळ, चार मिरच्या, काहीतरी घालायचंच. रिकामं परत द्यायला गेलं तर चिमी जागची हलणार नाही. मी बोंबलले, गेम किती स्लो होईल! तू म्हणालीस, "होऊ दे. गाव स्लोच होतं."

त्याच दिवशी तू दुसराही नियम काढलास, खास माझ्यासाठी. टेस्ट चालू असताना आपण मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. टेस्टर अडकला, चिडला, चुकीच्या झाडावर क्लिक करत बसला, तरी नाही. मला ते जमेना म्हणून तू पर्समधून लिमलेटची गोळी काढलीस. "ही संपेपर्यंत बोललीस तर बघ. आणि चावायची नाही, चोखायची." मी कडकड चावायचे. तू दुसरी पुढे करायचीस. आपल्या गेममध्ये जे काही चांगलं आहे ना, त्यातलं निम्मं माझ्या तोंडात गोळी असताना सापडलंय. हे मी आता कबूल करते, तेव्हा केलं असतं तर तू डोक्यावर बसली असतीस.

तुझे टेस्टरही अचाट. मी खारघरच्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये कॉलेजच्या पोरी बोलवायचे, समोसे आणायचे. तू लॅपटॉप घेऊन न्हावा शेव्याला बंदरावर जायचीस. दिवसभर क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कंटेनरचे कागद सोडवायचे आणि जेवणाच्या सुट्टीत टपरीवर रांगेत अडकलेल्या ट्रक ड्रायव्हरना गेम खेळायला द्यायचा. मी म्हटलं, वेडी आहेस का? तू म्हणालीस, "ज्याला वेळ आहे आणि आपल्याला खूश करायची गरज नाही, तोच खरा टेस्टर." एकदा मी रजा टाकून तुझ्याबरोबर आले. एक दाढीवाले काका, गेटवर नंबर लागायची वाट बघत होते. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, तू वाचून दाखवत होतीस. त्यांनी हाक मारली, टोप मागितला, आणला, आणि परत करताना त्यात काय घालावं यावर चहा थंड होईपर्यंत विचार केला. शेवटी म्हणाले, "बेटा, इसमें गुड़ का ऑप्शन नहीं है? हमारे यहाँ गुड़ डालते हैं." तू तिथेच बाकावर बसून गुळाचा खडा रंगवलास. तो अजून गेममध्ये आहे. चिमीच्या घरातल्या फडताळात, डावीकडे. मी बघितलं की मला अजून हसू येतं, आणि मग तुझ्याबद्दल अभिमान वाटतो.

अभिमान हा शब्द तुला ऐकवला असता तर तू म्हणाली असतीस, भाषण संपलं का? मग बग काढ.

नाही संपलं. ऐकून घे, आता तुला उठून जाता येणार नाही. क्लबहाऊसमधली ती चिडकी पोरगी आठवते? पहिल्या घरापाशी वैतागली होती, "यार, घेऊन टाक ना सरळ, काय टेन्शन आहे!" मग एकेक करत पुढे गेली, चांगली तीन-चार घरं फिरली, एवढ्यात तिच्या फोनची बॅटरी गेली. बाहेर वॉचमनकाकांच्या टेबलावर चार्जर समोर पडला होता. माणूस नव्हता. ती दारात थांबली आणि म्हणाली, "काका, आहात का? चार्जर घेऊ का?" तू मला कोपर मारलंस, बरगडीतच लागलं. त्या दिवशी मला कळलं की आपण काय बनवतोय. तुला ते आधीपासून माहीत होतं.

आणि आवाज. चिमीच्या हाकेचा आवाज आपण तात्पुरता घेतला होता, "नंतर नीट कुणीतरी बाई आणू" म्हणून. तू डोक्यावर चादर घेऊन माईकपुढे बसलीस आणि ऑफिसातल्या आवाजात म्हणालीस, "कोणी आहे का घरात?" स्वयंपाकघरातून काकींचं हसणं ऐकू आलं. "ही कोन? बँकेतली बाई आली काय?" तू चादरीतून तोंड बाहेर काढलंस, लाल झालेलं. मग परत आत गेलीस आणि म्हणालीस, जशी लहानपणी शेजारी जाऊन म्हणायचीस तशी, "कोन हाय का घरान?"

एकाच टेकमध्ये. मी हेडफोन काढून ठेवले. आता दुसरी बाई कशाला आणायची, असं तेव्हाच वाटलं होतं. बोलले नाही. तोंडात गोळी नव्हती, तरी बोलले नाही. ते एक राहून गेलं.

आता भांडणावर येऊ. शेवटच्या सीनवर. आपलं ते भांडण अर्धवट राहिलं आणि मी काही माफीबिफी मागणार नाहीये, कारण तूही कमी नव्हतीस. हळद पार पडते, चिमी सगळ्यांची भांडी भरून परत करते, एकच उरतं. खाडीकाठच्या शेवटच्या घरातल्या चांगूआजीचा मोठा टोप. चिमी तो गोड वड्यांनी भरते, घेऊन जाते, हाक मारते. दार बंद. ओ नाही. तू म्हणालीस, "एवढंच."

"एवढंच म्हणजे? खेळणारा काय करेल?"

"हाक मारेल."

"मग?"

"मग परत मारेल."

"अगं लोकांना वाटेल गेम अडकला! एक स्टार देऊन मोकळे होतील!"

"देऊ देत."

मी हट्टाने माझा शेवट बनवला. शेजारीण बाहेर येते, सांगते की आजी लेकीकडे गेलीय, टोप माझ्याकडे ठेव. मग गाणं, सगळे अंगणात, नावं वर सरकतात. तू हॉटेलात माझ्यासमोर बसून तो बघितलास, इडली गार होऊ दिलीस आणि म्हणालीस, "छान आहे. खोटं आहे." मी तडकले. म्हटलं, मग खरं काय ते सांग ना, कुठे गेली आजी? तू चमचा खाली ठेवलास. "मला नाही माहीत. त्या दारामागे कोणी नाहीये, एवढंच माहीत आहे. आणि तरी चिमी हाक मारणार, हे माहीत आहे." हे काय उत्तर झालं? मी तसं म्हटलं. तू म्हणालीस, पुढच्या रविवारी बोलू. तो रविवार हॉस्पिटलात तुझ्या खाटेशी गेला आणि तिथे आपण गेमचं नाव काढलं नाही.

तेव्हापासून दोन्ही शेवट तसेच पडून होते, माझा आणि तुझा. एक ठेवायचा, एक काढायचा, गेम लोकांसमोर जायला तेवढंच बाकी. दहा मिनिटांचं काम. मला गेम उघडताच येईना, कारण प्रत्येक दारापाशी तू हाक मारतेस. नाही उघडला तर तू केलेलं सगळं माझ्या लॅपटॉपमध्येच राहणार होतं, आणि उघडला तर तुझं-माझं भांडण मला एकटीला मिटवायचं होतं. एकटीने कसलं भांडण मिटतं?

परवा शेवटी डबा उचलला. आईकडून शेंगदाण्याची चटणी करून घेतली, खलबत्त्यातली, तुला आवडायची तशी लसूण जास्त घालून. डबा भरला, लॅपटॉप घेतला आणि शिरवण्याला आले. दार उघडंच होतं. मी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि उभी राहिले. हाक मारायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. आपण दोघींनी मिळून गावभर दारं बनवली आणि मला एका दारात हाक मारता येईना!

काकीच बाहेर आल्या. "उभी का ऱ्हायलीस गो? हाक तरी मारायची." डबा हातात घेतला, कडी काढली, वास घेतला. "घाटी चटनी. याच्यासाठीच पोरगी माजे डबे तुज्याकं न्यायची." मग मला आत घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तो गेम झाला?"

"नाही काकी. शेवट राहिलाय."

"लाव."

"काकी, त्यात तिचा आवाज आहे."

"मना म्हाईत हाय. लाव."

कुठला शेवट लावायचा? तुझाच लावला. तुझ्या घरात बसून माझा लावायची हिंमत नव्हती. रेकॉर्डिंग चालू केलं, प्रत्येक टेस्टला करतो तसं. माझ्या पर्समध्ये तू दिलेला गोळ्यांचा पुडा अजून होता, एक तोंडात टाकली आणि मागे जाऊन बसले.

पहिलं दार. "कोन हाय का घरान?" काकींचा हात माऊसवर थांबला. मला वाटलं, आता उठतील. नाही उठल्या. पदराने डोळे पुसले, परत हात ठेवला आणि पुढे गेल्या. आणि मग, दर्शू, त्या खेळल्या गं! एकेक घर घेतलं. "हलद कमी दाकवलीय हिनी." "हा पाटा आमचाच हाय, बघ, कोपरा फुटलेला." कोपरा मीही कधी बघितला नव्हता. तू तुमच्या घरचा फुटका पाटा रंगवून ठेवलायस आणि मला सांगितलंही नाहीस. गुळाचा खडा सापडला तेव्हा त्या म्हणाल्या, "यो कुनी दिला?" मी बोटाने तोंड दाखवलं, गोळी आहे म्हणून. त्या हसल्या.

शेवटचं घर आलं. काकींनी टोप वड्यांनी भरला आणि दारावर क्लिक केलं. "कोन हाय का घरान?" काही नाही. परत. "कोन हाय का घरान?" काही नाही. मला सांगायचं होतं, काकी, संपलं, इथे कोणी नाही, थांबा आता. ओठापर्यंत आलं होतं. गोळी दाताखाली धरून बसले. चावली नाही. त्यांनी परत क्लिक केलं. तुझा आवाज त्या खोलीत परत आला, तसाच, चादरीखालचा.

काकींनी माऊस सोडला. स्क्रीनकडे बघत, पण जशी ओट्याशी काम करता करता बाई मागे वळून सांगते ना, तशा सहज म्हणाल्या, "हाय गो बाय, हाय. ये ना घरान."

मग त्या उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी तशीच बसून राहिले. गोळी केव्हा संपली कळलं नाही, तरी बोलले नाही. रडले मात्र. त्याला तुझ्या नियमात बंदी नव्हती.

तर वाद तू जिंकलीस. मी माझा शेवट काढून टाकला, शेजारीण, गाणं, अंगण, सगळं. आनंदाने नाही, चडफडत काढला. शेजारणीचं चालणं मी किती छान बसवलं होतं! पण दार बंदच ठेवलंय. आवाजही तुझाच, आता दुसरी बाई कुणी येणार नाही. काकींची ओ त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. ती त्या दारामागे घालायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. नाही घातली. ती लोकांसाठी नव्हतीच, तुझ्या आईने तुला दिलेली ओ आहे. खेळणारे हाक मारतील, परत मारतील, काहीजण एक स्टार देतील. देऊ देत. गेम लोकांसमोर गेलाय, दर्शू. पहिलं नाव तुझं आहे आणि ते मी इतकं मोठं टाकलंय की तू असतीस तर भांडली असतीस.

निघताना काकींनी डबा माझ्या हातात ठेवला. जड लागला म्हणून कडी काढून बघितलं. भाकऱ्या आणि जवळा. मी म्हटलं, "काकी, अहो हा तर मी परत द्यायला आणला होता." त्या म्हणाल्या, "मग? रिकामा देऊ? खा, आनि परत आन."

म्हणजे डबा पुन्हा माझ्याच ओट्यावर पालथा आहे. रविवारी जाणार आहे. काय भरायचं ते अजून ठरलं नाही, पण या वेळी दारात मुकी उभी राहणार नाही. उंबऱ्यापाशी थांबून तुझ्याच शब्दांत हाक मारणार आहे. माझ्या घाटी तोंडात ते कसं वाटेल देव जाणे. काकी आतून हसतील.

हसू देत. ओ तर देतील.